एक म्हणजे किती

शटर गुडघ्याएवढं वर आलं आणि अडलं. बाबा असते तर त्यांनी डाव्या कोपऱ्यात एक हलकी लाथ घातली असती आणि ते निमूट वर गेलं असतं. पण ती लाथ नेमकी कुठे बसवायची हे ठमीला ठाऊक नव्हतं. शेजारचा चावीवाला हातातली कानस ठेवून उठला, योग्य जागी लाथ घातली आणि परत आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

शटर पुरतं वर जायच्या आतच आई वाकून आत शिरली. बाबा गेल्याला महिना होत आला होता आणि या महिन्यात ती भाजी आणायलासुद्धा बाहेर पडली नव्हती. आज पडली ती बाटली शोधायला.

घड्याळदुरुस्तीचं दुकान ते, लांबीला एका खाटेएवढं. समोर काचेचं काउंटर, त्यामागे बाबांची खुर्ची, खुर्चीच्या पाठीमागे भिंतभर लहान लहान खण. वरच्या बाजूला टांगलेली घड्याळं प्रत्येकी आपली वेगळीच वेळ धरून बसली होती. ती बाबा असतानाही तशीच असायची. गिऱ्हाईक विचारायचं, “यातली खरी कुठली हो?” की बाबा स्वतःचं मनगट पुढे करायचे.

“तू वरचे खण बघ, मी खालचे बघते,” आई म्हणाली. “लपवणारा माणूस खालीच लपवतो.”

“आई, बाबा तसे नव्हते. बस ना जरा.”

“बसायला नाही आले.”

ठमीने वरचा खण ओढला. पट्टे, जुन्या काचा, कागदाच्या पुडीत बांधलेले काटे. लहानपणी ती गुटगुटीत होती म्हणून बाबांनी तिला ठमी म्हणायला सुरुवात केली. आता चाळिशी ओलांडली, परदेशातल्या एका ग्रंथालयात नोकरी लागून पंधरा वर्षं झाली, अंगावर मांस म्हणून राहिलं नाही, तरी ती ठमीच होती. खणातल्या एका डबीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बहुतेक उपयोगाचे’. तिने ती डबी उघडली नाही.

खाली आई गुडघ्यांवर बसून एकेक खण पूर्ण बाहेर काढत होती. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तिने उभं आयुष्य सहाय्यक म्हणून काढलं होतं, आणि शोधायची तिची पद्धत तिथलीच होती. आधी सगळं रिकामं करायचं, मग मागची भिंत हाताने चाचपायची. शेवटच्या खणाच्या मागे तिचा हात थांबला.

“सापडली,” ती म्हणाली.

चपटी, तपकिरी बाटली. पाव भरलेली. आईने बूच काढलं आणि नाकाशी नेलं.

“पेट्रोल,” आई म्हणाली.

घड्याळाचे भाग धुवायचं पेट्रोल. आईने पुन्हा एकदा वास घेतला, जणू पहिल्या वेळी नाकाने दगा दिला असावा. मग बूच लावून तिने बाटली जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. नवऱ्याच्या दुकानात दारू सापडली नाही म्हणून इतका पडलेला चेहरा ठमीने कधी पाहिला नव्हता, आणि पाहीन असं तिला वाटलंही नव्हतं.

कारण बाटली सापडायलाच हवी होती. बाबांनीच तसं सांगितलं होतं.

दीड महिन्यापूर्वी बाबांच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. ठमी मिळेल त्या विमानाने आली. लिव्हरच्या डॉक्टरांनी कागद चाळले, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “रोज किती घेता?”

“दोन,” बाबा म्हणाले.

“दोनच?”

“दोनच. हिने मोजून दिलेले.”

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता, पण हसला. दाराबाहेर आल्यावर तो दोघींना म्हणाला, “गृहस्थ दोन म्हणतायत. लिव्हर काहीतरी वेगळंच म्हणतंय. सगळे असंच सांगतात हो, मनाला लावून घेऊ नका.”

आईच्या ते मनाला नाही, हाडाला लागलं. कारण ते दोन तिने ओतलेले होते. दहा वर्षं, रोज संध्याकाळी, स्वतःच्या हाताने.

चार दिवसांनी ठमी थर्मास घेऊन खोलीपाशी आली तर दार लोटलेलं होतं आणि आतून आईचा आवाज येत होता. “एकदा खरं सांगा. मी रागावणार नाही. बाहेर घेत होता का?” आतून फक्त खाट कुरकुरली. आई पुन्हा म्हणाली, “नाहीतर मग हे झालं कशानं? सांगा ना. कशानं झालं?” आणि मग बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. “घ्यायचो कधीकधी. दुकानात. सोड आता.”

ठमी थर्मास तसाच धरून उभी राहिली. तिला वाटलं, आपण चुकीच्या खोलीच्या दारात उभ्या आहोत. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला घड्याळातलं जुनं मशीन नवं म्हणून विकलं नाही, तो माणूस असं काही सांगतो आहे हे तिच्या डोक्यात शिरेना. त्यानंतर बाबा आठच दिवस जगले. त्या आठ दिवसांत आईने त्यांचं सगळं केलं, पाय चेपले, तोंड पुसलं, पण त्यांच्याशी बोलली नाही. आणि ते गेल्यावर ती त्यांना ‘तुझे बाबा’ म्हणेनाशी झाली. ‘तुझा बाप’ म्हणायला लागली.

आत्याने फोनवर एवढंच म्हटलं होतं, “माझा भाऊ आणि चोरून पिणार? अगं, चोरून करायला अंगात धमक लागते. त्याच्यात कुठे होती?”

“चला,” आई आता उठली. “इथे नसेल तर शेजारी असेल.”

ठमी अडवायच्या आत ती बाहेर पडून चावीवाल्यासमोर उभी होती. “तुम्हीच आणून देत होता ना त्यांना?”

“काय?”

“दारू.”

चावीवाला तोंडाचा आ करून बघत राहिला. त्याच्या डोक्यावर किल्ल्यांचे झुपके लोंबत होते आणि त्याच्या उठण्याने ते सगळे एकदम वाजले. “वहिनी, तुम्ही आहात म्हणून ऐकून घेतो. दुसरं कुणी असतं ना...” त्याने कानस खाली ठेवली. “अहो, मीच रोज म्हणायचो, बसा की पाच मिनिटं, एक घेऊन जा. माझं आपलं दुकान बंद झालं की असतं थोडं. तर हा माणूस काय म्हणायचा माहितीय? ‘घरी दोन ठरलेले आहेत. इथे एक घेतला तर घरचा एक बुडेल. आमचं सरकारी माप आहे बाबा.’ सरकारी माप! मी चिडवायचो त्यांना. वीस वर्षं शेजारी बसलो. चहाशिवाय काही गेलं नाही घशाखाली.”

“एकदासुद्धा?”

“एकदासुद्धा नाही. कशाची शपथ घेऊ?”

आईने पदर सावरला आणि घराची वाट धरली. ठमी शटर ओढून तिच्या मागे निघाली.

स्वयंपाकघरात आल्यावर तिने पदर खोचला आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यातून मेजरिंग सिलिंडर काढला. उंच, सडपातळ काचेची नळी, अंगभर पांढऱ्या रेघा, वरच्या रेघेला शंभर मिली. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलींनी तिला फुलं दिली होती आणि तिने मागून घेतली होती ही नळी. ती आता तिने साबणाने घासायला घेतली.

“काय करतेस?”

“धुऊन कुणाला तरी देऊन टाकते. याचं काय काम आता?”

ठमी ओट्याला टेकून उभी राहिली. या नळीच्या संसारात तिचाही वाटा होता. बाबा साठीला आले तेव्हा अधूनमधून, कुणाबरोबर तरी, अंदाजाने घ्यायचे, आणि आईला अंदाज या शब्दाचाच तिटकारा. तिने ठमीला फोन करून विचारलं, तिकडचे डॉक्टर काय म्हणतात गं? ठमीच्या ग्रंथालयाच्या दारात आरोग्याच्या पत्रकांची एक मांडणी होती. तिने एक पत्रक उचललं आणि फोनवर वाचून दाखवलं: आठवड्याला जास्तीत जास्त चौदा. म्हणजे रोजचे दोन. त्याच्या पुढे जायचं नाही.

“दोन,” आई म्हणाली होती. “ठरलं.”

आणि ठरलंच. आधी कधीमधी घेणारे बाबा रोज घेऊ लागले, कारण आता ते हक्काचं होतं. मर्यादा होती, तिचा रतीब झाला. सुट्टीत घरी आल्यावर ठमीने तो सोहळा लांबून ऐकलेला होता. ती तेव्हा आपल्या खोलीत पुस्तक घेऊन पडलेली असायची, आणि बाहेरून बाबांचा आवाज यायचा: “बाईसाहेब, तळाशी चिकटलेला थेंबही माझा आहे, तो सोडू नका!” पण स्वयंपाकघरात उभं राहून ते ओतणं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“आई, दाखव ना मला. कशी ओतायचीस.”

“त्यात काय दाखवायचं?”

“दाखव तरी.”

आईने नळी धुतली, पुसली, ओट्यावर ठेवली. तांब्यातलं पाणी धार धरून आत सोडलं. मग तिची पाठ आपोआप वाकली, डोळा रेघेच्या बरोबर समोर आला, एक डोळा मिटला. “वरून बघायचं नाही, खालून बघायचं नाही,” ती म्हणाली. मुलींना सांगायची तोच आवाज, तीच लय. “पाणी कडेला चढतं. मधला खळगा बघायचा. खळगा रेघेला टेकला, की हात थांबला पाहिजे.” शेवटचे दोन थेंब पडले. “हा झाला एक.”

ठमीने वाकून बघितलं. तिला वाटलं आपण रेघ चुकीची वाचतो आहोत. तिने पुन्हा बघितलं.

“साठ?”

“मग? एक म्हणजे साठ.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं?” आई वैतागली. “हॉटेलात साठ, लग्नकार्यात साठ, दुकानदाराला विचार, शेंबडं पोर सांगेल. एक म्हणजे साठ. लहान घेतला तर तीस, पण त्याला अर्धा म्हणतात. मी त्यांना दोन दिले. पूर्ण दोन. ना थेंब जास्त, ना थेंब कमी.”

ठमी स्टुलावर बसली. ती राहते त्या देशातल्या बारमध्ये ती वर्षातून एखाद्या वेळी सहकाऱ्यांबरोबर जायची. तिथला माणूस पत्र्याचं एक चिमुकलं माप काढतो, अंगठ्याएवढं, ते भरतो आणि पेल्यात उलटं करतो. तळ जेमतेम ओला होतो. आपल्याकडचं कुणी सोबत असलं की हमखास विनोद करतं, हे काय डोळ्यांत घालायचं औषध आहे का? ती स्वतः हसली होती त्या विनोदाला. ते माप पंचवीसचं होतं. त्या पत्रकातला ‘एक’ तो होता. पत्रकाच्या पाठीमागच्या बाजूला छोट्या छोट्या पेल्यांची चित्रं होती, कशाला ‘एक’ म्हणायचं ते सांगणारी. ती बाजू तिने आईला वाचून दाखवली नव्हती. स्वतःही वाचली नव्हती. तिथे राहणाऱ्या माणसाला ती वाचावीच लागत नाही.

तिने फोन काढला. ‘एक म्हणजे किती’ असं लिहून शोधलं. कुठल्या देशाचा ‘एक’ आठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचा, कुठे दहा, कुठे चौदा, कुठे वीस. काही देशांनी तो ठरवलेलाच नाही. त्या त्या देशाच्या सल्ल्यातले ‘दोन’ त्या त्या देशाच्या ‘एक’ने मोजायचे. हे सगळं उघड्यावर पडलेलं होतं. कुणी लपवलेलं नव्हतं, कुठल्याही खणाच्या मागे दडलेलं नव्हतं. पुस्तकांत जन्म गेलेल्या तिला ते शोधायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

“काय बघतेस?” आईने विचारलं.

“काही नाही. ऑफिसचं.”

तिने फोन पालथा ठेवला. समोर नळीत साठाच्या रेघेवर पाणी स्थिर होतं. बोलावं तर बाबा सुटतात आणि आई अडकते. न बोलावं तर आई सुटते आणि बाबा जन्मभर चोरटे दारुडे राहतात, तेही त्यांच्याच बायकोच्या लेखी. तिने ठरवलं, गेलेल्या माणसाला आता काय त्रास. जगणाऱ्या माणसाला वाचवावं.

“आई, चावीवाल्याला काय माहीत असणार? घेत असतील कुठेतरी येता-जाता. सोडून दे.”

आईने मान वर केली. प्रयोगशाळेत कुणा मुलीने दुसरीचं उत्तर उतरवलं की ती जशी बघायची, तशी ती ठमीकडे बघत होती.

“सकाळपासून तू म्हणत होतीस, ते तसे नव्हते. आता एकदम तसे झाले?” ती म्हणाली. “साठ ऐकल्यावर झाले.”

ठमीने पालथा फोन आणखी दूर सरकवला.

“तुमच्याकडे एक म्हणजे किती?”

साठ म्हणणं सोपं होतं. दोनच अक्षरं. ठमीने तोंड उघडलं, पण समोरचा तो वाकलेला, रेघेसमोर धरलेला डोळा अजून तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. या बाईला चुकीचं माप सांगणं तिच्या जिभेला जमेना.

“पंचवीस,” ती म्हणाली.

आईने नळी सिंकमध्ये रिकामी केली. पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा वाकली, खळगा पंचविसाला टेकवला. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. नंतर तिने आणखी पंचवीस ओतलं. पाणी पन्नासाला आलं.

“म्हणजे तुमचे दोन मिळूनही माझा एकसुद्धा भरत नाही,” ती म्हणाली.

“आई, सगळ्यांनाच एवढ्याने होतं असं नाही. कुणाचं लिव्हर...”

“सगळ्यांचं कुणी विचारलं?” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “रोजचे जवळजवळ पाच दिले मी त्यांना. पाच. आणि थेंब सांडला तर तेवढा पुन्हा घालायचे मी, की बाई, माप चुकायला नको.”

“पत्रक मी वाचलं होतं. दोन मी म्हणाले.”

“तू दोन म्हणालीस, मी साठ धरले. ते बिचारे बरं म्हणाले.” ती ओट्याचा काठ धरून हळूहळू खाली बसली, जमिनीवर, फडताळाला पाठ लावून. आणि मग तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं, आधीच्यापेक्षा मोठं. तिने तोंडावर हात ठेवला. “ठमे. मग ते तसं का म्हणाले?”

“कसं?”

“दुकानात घ्यायचो म्हणून. हॉस्पिटलात. घेत नव्हते तर का म्हणाले?”

ठमीला ते दार दिसलं, हातातला गरम थर्मास जाणवला. आईचा प्रश्न आठवला: नाहीतर मग हे झालं कशानं? ग्रॅमचा हिशेब बाबांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं असणार की दारू दोनच ठिकाणची असू शकते, दुकानातली किंवा बायकोच्या हातची. दुकानातली नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. आणि विचारणारी समोर बसली होती. म्हणून त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं.

हे आईला सांगायची गरज राहिली नव्हती. आई तिच्याआधी तिथे पोचली होती.

“सगळा जन्म खरं बोलले तर डॉक्टरने हसण्यावारी नेलं आणि मी संशय घेतला,” आई म्हणाली. “एकदा खोटं बोलले, आणि मी तेवढंच खरं धरलं. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही गं. आठ दिवस.”

मग ती रडली. महिनाभरात पहिल्यांदा. ठमी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. एवढ्याशा आकड्यात एवढा मोठा माणूस मावून गेला, हेच तिला अजून पचत नव्हतं. ओट्यावरची नळी खिडकीच्या उजेडात स्वच्छ चमकत होती. तिच्यात काही दोष नव्हता.

सकाळी ठमी उठली तेव्हा आई तयार होऊन बसली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीतून नळीचं तोंड बाहेर आलेलं.

“कुठे?”

“तुझ्या बाबांच्या दुकानात. चल.”

चावीवाला नुकताच येऊन किल्ल्यांचे झुपके टांगत होता. आईला बघून तो सावध झाला. “वहिनी, आता काय?”

“काल मी तुम्हाला नको ते बोलले. चूक माझी होती. त्यांनी बाहेर कधी घेतली नाही.”

“अहो, मी तेच तर सांगत होतो. सोडा हो, विसरलोसुद्धा मी.”

“मी नाही विसरले.” आईने पिशवीतून नळी काढून त्याच्या काउंटरवर, कानस आणि कच्च्या किल्ल्यांच्या मधोमध ठेवली. “तुम्ही रोज किती घेता?”

चावीवाल्याने ठमीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. कान लाल झाले. “काय वहिनी, सकाळी सकाळी! घेतो आपला एक. एकच. त्याच्या वर नाही. तुमच्या यांचंच बघून शिकलो की, माणसानं माप ठेवावं म्हणून.”

“कशात घेता?”

त्याने हसत स्टुलाखाली हात घातला आणि स्टीलचा पेला काढला. उभट, कडेला पोचा आलेला.

“पाण्याने भरा. रोज भरता तेवढाच.”

“तुम्हीपण ना!” पण त्याने पाण्याची बाटली घेतली आणि सराईतपणे पाणी ओतलं, रेघ नाही, खूण नाही, पोच्याच्या जरा वर आलं तसा हात आपोआप थांबला. “हा बघा. एक.”

आईने पेला उचलला आणि नळीत ओतायला लागली. पाणी तिसाला आलं, साठाला आलं. ऐंशी. तिचा हात मंद झाला. शंभराची रेघ पाण्याखाली गेली, पाणी नळीच्या ओठाला येऊन थरथरत थांबलं, आणि आईला ओतणं थांबवावं लागलं. पेल्यात अजून पाणी होतं.

चावीवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने नळीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, मग शेजारच्या बंद शटरकडे.

“एकच की हो, वहिनी,” तो म्हणाला.